रायडिंग स्कूलचा घोडा: वय किती आणि विमा कोणता?

व्हिडिओ पाहिला असेल तर वही-पेन काढा. नसेल पाहिला तरी हरकत नाही, आजचा धडा इथे पूर्ण दिलाय.

गेल्या महिन्यात एका ताईंचा फोन आला. गावाबाहेर दीड एकर जागा आहे, जवळ दोन मोठ्या शाळा आहेत आणि मुलांसाठी हॉर्स रायडिंगचा क्लास काढायचाय. यजमान सारंगखेड्याच्या घोडेबाजारात एक शिंगरू बघून आले होते. दोन वर्षांचं, देखणं, आणि किंमत तयार घोड्याच्या निम्म्याहून कमी. ताईंचा प्रश्न सरळ होता: "सर, घेऊन टाकू का? विमा काढला की झालं ना?"

मी म्हटलं, ताई, आज इसार देऊ नका. आधी वय समजून घेऊ, मग विमा. कारण विम्याचा कागद घोड्याच्या वयावर उभा असतो. वय खोटं निघालं, तर अख्खा कागद डळमळतो.

मुद्दा १: कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याचं कलम ११ सांगतं की वय, आजार, जखम किंवा अशक्तपणा यामुळे जे जनावर कामाला योग्य नाही, त्याला कामाला लावणं गुन्हा आहे. "वय" हा शब्द त्यात स्पष्ट आहे, पण आकडा नाही. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये! हे ऐकून लोक हसतात. हसू नका. खरा फटका दंडाचा नसतो, तो पुढे क्लेमच्या वेळी बसतो.

आकडा हवा असेल तर इंग्लंडकडे बघा. तिथे १ ऑक्टोबर २०१८ पासून रायडिंग स्कूलच्या परवान्याचे नवे नियम लागू झाले. तीन वर्षांखालचा घोडा भाड्याने द्यायचा नाही. दिवस भरत आलेली गाभण घोडी द्यायची नाही. जिचं शिंगरू अजून दूध पितंय ती घोडीही द्यायची नाही. स्कूल १८ वर्षांखालच्या कुणाच्या भरवशावर सोडायचं नाही. आणि विमा सक्तीचा, तोही दोन्ही बाजूंनी: शिकणाऱ्याला इजा झाली तर मालकाची जबाबदारी, आणि शिकणाऱ्यामुळे तिसऱ्याला इजा झाली तर शिकणाऱ्याची जबाबदारी. हा कायदा आपल्याला लागू नाही, पण स्वतःची नियमावली लिहायला नमुना म्हणून उत्तम आहे.

मुद्दा २: दोन वर्षांचा घोडा का नको?

दिसायला तो मोठा दिसतो, पण हाडं कच्ची असतात. पायांच्या हाडांची वाढ आधी पुरी होते, पाठीच्या मणक्यांची सर्वात शेवटी, साधारण पाच-साडेपाच वर्षांपर्यंत. आणि खोगीर कुठे बसतं? पाठीवरच ना! कोवळ्या पाठीवर रोज चार-चार पोरं बसवली, तर घोडा लवकर निकामी होतो. शिवाय तो बुजरा असतो. प्लास्टिकची पिशवी उडाली तरी उसळी मारतो.

माझा नियम लिहून घ्या: चार वर्षं पूर्ण झाल्याशिवाय क्लासला नाही, आणि नवख्या मुलांसाठी त्याहून मोठा, शांत, सवयीचा घोडा.

आता हिशोब करू. आकडे समजण्यापुरते घेतलेत, तुम्ही तुमचे टाका. शिंगरू ६०,००० ला मिळालं. खुराक, नालबंदी, औषधपाणी आणि मोतद्दाराच्या पगारातला वाटा मिळून महिना ९,०००. चार वर्षांचं होईपर्यंत २४ महिने, म्हणजे २,१६,०००. एकूण झाले २,७६,०००, आणि तोपर्यंत कमाई शून्य. शिकवणीचा खर्च यात धरलेलाच नाही. उलट आठ वर्षांचा तयार घोडा १,५०,००० ला घेतला, तर दुसऱ्या महिन्यापासून फी सुरू. मग सांगा, स्वस्त कोण?

मुद्दा ३: वय ओळखायचं कसं?

विकणारा सांगेल ते वय नव्हे. बैल घेताना आपण "दोन दाती, चार दाती" बघतोच की! घोड्याचंही तोंड उघडून बघायचं. खालच्या जबड्यातले समोरचे सहा दात मोजा. दुधाचे दात लहान आणि पांढरे असतात, पक्के दात मोठे आणि पिवळसर.

- मधले दोन पक्के: सुमारे अडीच वर्षं
- चार पक्के: सुमारे साडेतीन वर्षं
- सहाही पक्के: सुमारे साडेचार वर्षं

पाचव्या वर्षी तोंड पूर्ण भरतं. त्यापुढे दातांच्या झिजेवरून फक्त अंदाज येतो. म्हणून स्वतः बघा, पण निर्णय पशुवैद्यकाच्या लेखी दाखल्यावरच घ्या. दाखल्यात वय, रंग, अंगावरच्या खुणा, फोटो आणि मायक्रोचिप असेल तर तिचा नंबर हवा. हा दाखला सौदा पक्का होण्याआधी घ्यायचा, नंतर नाही.

मुद्दा ४: विमा एक नाही, चार

इथे बहुतेक जण चुकतात. "विमा काढलाय" म्हणतात, आणि काढलेला असतो फक्त घोड्याचा.

पहिला, घोड्याचा विमा. घोडा मेला तर पैसे तुम्हाला मिळतात. पडलेल्या मुलाचं प्लास्टर यातून होत नाही. वयाची खालची आणि वरची मर्यादा किती, आणि वापराच्या रकान्यात "रायडिंग प्रशिक्षण" लिहिलंय का, हे बघा.

दुसरा, पब्लिक लायबिलिटी. तुमच्या जागेत, तुमच्या घोड्यामुळे कुणाला इजा झाली तर हा उपयोगी पडतो. सावध राहा: १९९१ चा पब्लिक लायबिलिटी कायदा घातक रसायनांच्या अपघातांसाठी आहे. त्या नावाने भलतीच पॉलिसी घेऊ नका. घोडेस्वारीचा उल्लेख कागदावर हवाच.

तिसरा, विद्यार्थ्यांचा गट अपघात विमा. यात शिकणाऱ्याचं किमान वय किती धरलंय ते लेखी विचारा. पॉलिसी पाच वर्षांपासून असेल आणि तुम्ही चार वर्षांचं मूल बसवलं, तर त्या मुलापुरता विमा नाहीच असं समजा.

चौथा, मोतद्दार आणि प्रशिक्षकाचा विमा. लाथ सगळ्यात आधी त्यांनाच बसते.

आता गाठ कुठे बसते बघा. प्रपोजल फॉर्मवर तुम्ही लिहिलंत "वय ५ वर्षं". अपघात झाला. कंपनीच्या डॉक्टरने तोंड उघडलं, पक्के दात दोनच. विम्याचा करार पूर्ण खरेपणावर चालतो. महत्त्वाची माहिती चुकीची दिली तर कंपनी क्लेम नाकारू शकते. मग दवाखान्याचं बिल, नुकसानभरपाई, वकील, सगळं तुमच्या खिशातून. शिवाय जनावराबाबत निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

"पण सर, आम्ही पालकांकडून सही घेतो, जबाबदारी आमची नाही म्हणून." घ्या, जरूर घ्या. पण त्या सहीने तुमचा निष्काळजीपणा धुतला जात नाही. आणि १८ वर्षांखालच्या मुलाची स्वतःची सही तर करार म्हणून चालतच नाही.

ताईंनी काय केलं?

यजमान थोडे नाराज झाले, पण शिंगरू घेतलं नाही. पशुवैद्यकाला सोबत नेऊन नऊ वर्षांची एक शांत घोडी बघितली. गाभण नाही ना, हेही तपासून घेतलं. ताई म्हणाल्या, "सर, माझीच मुलगी पहिली बसणार आहे. तेव्हा कळलं, तुम्ही इसार का थांबवलात."

मित्रांनो, हाच प्रश्न स्वतःला विचारा: या घोड्यावर मी माझं मूल बसवेन का?

या आठवड्याचा गृहपाठ

१. प्रत्येक घोड्याची एक फाइल करा: वयाचा दाखला, फोटो, लसीकरण, पॉलिसीची प्रत.
२. विमा प्रतिनिधीला घोड्याचं वय, शिकणाऱ्याचं वय आणि वापर, या तिन्हींबद्दल लेखी विचारा. तोंडी "होऊन जाईल" चालणार नाही.
३. क्लासची नियमावली एका पानावर लिहून गेटवर लावा.

फाइल तयार झाली की मगच उद्घाटनाचा नारळ फोडा. भेटू पुढच्या भागात!