मृतांची देणी : आधी फेड, मग वाटणी

नोव्हेंबरात आपण आपल्या मृतांच्या कबरी स्वच्छ करतो, त्यांच्यासाठी मिस्सा सांगतो. त्यांच्या देण्याचा विषय मात्र घराघरांत दबक्या आवाजातच निघतो. बायबलला तो वर्ज्य नाही. राजांच्या दुसऱ्या ग्रंथात (अध्याय ४) एक विधवा अलिशा संदेष्ट्याकडे येते. नवरा गेलेला, आणि सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम म्हणून न्यायला आलेला. अलिशा तिला सांगतो : तेल विकून आधी कर्ज फेड, उरेल त्यावर तू आणि मुले जगा.

आपणा ख्रिस्ती लोकांना लागू असलेला १९२५ चा भारतीय वारसा कायदाही हाच क्रम धरतो. मृताच्या मालमत्तेतून पहिल्यांदा दफनाचा वाजवी खर्च व शेवटच्या आजारपणाचा खर्च. मग कोर्टातून प्रोबेट वगैरे काढण्याचा खर्च. त्यानंतर मजूर, कारागीर वा घरगड्याची शेवटच्या तीन महिन्यांची थकलेली मजुरी. गरिबाचा घास कायद्याने असा वर ठेवला आहे. मग इतर देणी. पैसे अपुरे असतील तर या देणेकऱ्यांना सारख्या प्रमाणात द्यायचे, ओळखीच्याला आधी असे नाही. घर वा दागिने तारण असतील तर त्यावरचा हक्क वेगळा. वारसांची वाटणी सर्वांत शेवटी. (सातव्या दिवसाचे गावजेवण आम्ही तरी 'वाजवी' खर्चात धरणार नाही.)

मुलांना आज कोणी गुलाम करीत नाही. वारसाची जबाबदारी त्याच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच. तो स्वतः सहकर्जदार वा जामीन नसेल तर त्याच्या पगाराला हात लागत नाही.

दफन होते न होते तोच कोणी येऊन म्हणतो, "तुमच्या बाबांनी माझ्याकडून पन्नास हजार घेतले होते." अशा वेळी भांडू नये, आणि सहीही करू नये. नाव, रक्कम, तारीख लिहून घ्यावी, कागद मागावा. हातउसन्या पैशांचा दावा साधारणपणे तीन वर्षांत लावावा लागतो. पण मुदत संपलेले कर्ज फेडण्याचे लेखी वचन देऊन सही केली, तर ते नव्याने बंधनकारक होते. कर्ज खरेच होते असे मनाला पटले, तर मुदत मोजत बसू नये असे आमचे मत आहे. तो निर्णय मात्र सर्व भावंडांनी एकत्र बसून घ्यावा.

वाटणी उरकली म्हणजे सुटलो, असेही नाही. देणेकरी वारसांच्या हाती गेलेल्या मालमत्तेपर्यंत पोचू शकतो. म्हणून वाटणीआधी बँकेत व पतपेढीत चौकशी करावी, आणि बाबा कोणाला जामीन राहिले होते का, हेही तिथेच विचारावे.