बांधावरून सातबाऱ्यापर्यंत : मोबाइल डेटाची वाट

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर हे गाव चक्राकार पायऱ्यांच्या बारवेसाठी ओळखले जाते. बारवेत पाणी असले, तरी शेवटची पायरी उतरल्याशिवाय घागर भरत नाही. मोबाइल डेटाचेही तसेच आहे.

राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या शेतात उभे राहून कापूस, सोयाबीन वा तुरीचे छायाचित्र घ्यावयाचे आणि पिकाची नोंद स्वतःच करावयाची, अशी ही योजना होय. छायाचित्र निघाले म्हणजे नोंद झाली, असा अनेकांचा समज होतो. तो चुकीचा आहे. माहिती अपलोड होईपर्यंत ती केवळ मोबाइलमध्येच असते. सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसेल, तर नुकसानभरपाई व हमीभावाने विक्री यांत अडचणी येऊ शकतात.

माहितीचा प्रवास

मोबाइल माहितीचे लहान लहान भाग करून ते रेडिओलहरींद्वारे टॉवरकडे पाठवितो. तेथून ती बहुधा प्रकाशीय तंतूंच्या तारांमधून पुढे जाते. पडद्यावरील रेषा फक्त लहरींचा जोर दाखवितात. टॉवरची क्षमता मात्र परिसरातील सर्व मोबाइलांत वाटली जाते. म्हणूनच रेषा पूर्ण असूनही कधी कधी काम संथ चालते. शेताचे स्थान मात्र उपग्रहांच्या संकेतांवरून कळते. त्यासाठी डेटा असलाच पाहिजे असे नाही.

काय करावे?

१. मोबाइल डेटा चालू व विमान मोड बंद असल्याची खात्री करावी.
२. त्या दिवसाचा डेटा शिल्लक आहे का, ते पाहावे. मर्यादा संपली की वेग फार कमी होतो.
३. शेतात नेटवर्क नसल्यास पाहणी मोबाइलमध्ये साठवावी आणि नेटवर्क मिळेल तेथे येऊन अपलोड करावी. तोपर्यंत ॲप काढून टाकू नये.
४. शेवटी गावातील खातेदारांच्या यादीत आपली नोंद दिसते का, हे अवश्य तपासावे.

ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांनी ग्रामसभेत याचे प्रात्यक्षिक दाखविल्यास मोठी अडचण टळेल. ज्यांच्याकडे मोबाइल नाही, अशा वृद्ध व एकट्या महिला खातेदारांना ग्राम महसूल अधिकाऱ्यांच्या साह्याने मुदतीत नोंद करून देणे, हे गावाचे सामूहिक कर्तव्य होय. टॉवर गावात आला, एवढ्याने सेवा घरोघर पोहोचली असे होत नाही. शेवटची पायरी सर्वांनी मिळूनच उतरावयाची आहे.