अठराच्या आत घर सोडलं तर...



डिप्लोमाला येणारी मुलं पंधरा-सोळा वर्षांची असतात आणि एफ.ई.च्या कित्येकांचा अठरावा वाढदिवस होस्टेलवरच साजरा होतो. त्यामुळे 'सज्ञान' हा शब्द आपल्यापासून फार लांबचा नाही. यंदा आमच्या विंगमधल्या एकाचा सतरा वर्षांचा मावसभाऊ बारावीच्या निकालावरून घरी भांडला आणि कुणाला न सांगता रात्रीच्या एस.टी.नं थेट रूमवर आला. "घरी कळवलंत तर इथूनही जाईन," ही त्याची अट. दोन वाजेपर्यंत वाद झाला. कायदा सगळेच सांगत होते, वाचलेला कुणीच नव्हता! अखेर रेक्टर सरांना उठवलं, सरांनी त्याच्या आईला फोन लावला आणि सकाळी मामा न्यायला आले. त्यानंतर मी कायदा वाचून काढला. समजलं ते मांडतो.

सज्ञान कधी? भारतीय सज्ञानता अधिनियम, १८७५ प्रमाणे १८ वर्षं पूर्ण झाल्यावर. मुलगा-मुलगी दोघांनाही हाच नियम. त्यानंतर घर सोडायला कुणाची परवानगी लागत नाही.

पळून जाणं हा गुन्हा आहे का? नाही. पळून गेलेल्या मुलाला त्यासाठी शिक्षा नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ त्याला 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' मानतो. पोलिसांना सापडलं तर मुलाला लॉकअपमध्ये टाकता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. समिती चौकशी करते, मुलाचं म्हणणं ऐकते. घरी मारहाण होत असेल तर त्याला घरीच पाठवलं पाहिजे असं नाही.

मग अडकतो कोण? नेणारा! १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १३७ लागू आहे. अठराखालच्या मुलाला पालकांच्या संमतीवाचून त्यांच्या ताब्यातून नेणं किंवा फूस लावणं म्हणजे अपहरण. शिक्षा सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या भारतीय दंड विधानात मुलग्यांसाठी ही मर्यादा १६ होती, मुलींसाठी १८. आता दोघांना १८. आणि "तो स्वतः तयार होता की राव," हा बचाव इथे चालत नाही, कारण संमती पालकांची लागते.

मात्र 'नेणं' म्हणजे काय, यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९६४ चा एक महत्त्वाचा निकाल आहे : एस. वरदराजन विरुद्ध मद्रास राज्य. सज्ञान व्हायला थोडाच अवधी उरलेली कॉलेजातली मुलगी आपण होऊन घराबाहेर पडली होती. नेणं वेगळं आणि आपण होऊन आलेल्याला सोबत येऊ देणं वेगळं, असं सांगून न्यायालयानं आरोपीला सोडलं. पण म्हणून कुणी बिनधास्त होऊ नये. आधी आश्वासन दिलं असेल, घर सोडायला भरीस घातलं असेल, तर चित्र बदलतं.

दुसरी गोष्ट. बचपन बचाओ आंदोलन प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मूल हरवल्याची तक्रार आली की एफ.आय.आर. नोंदवायचा आणि सुरुवातीला अपहरण किंवा तस्करी झाली असंच धरून तपास करायचा. म्हणजे पाहुणा तुमच्या कॉटवर घोरत असताना तिकडे गावच्या ठाण्यात गुन्हा दाखल झालेला असू शकतो, आणि त्याचा मोबाईल तुमच्याच रूमचा पत्ता दाखवत असतो.

तेव्हा असं कुणी आलं तर आधी जेवू घाला, झोपायला जागा द्या. पण लपवू नका. त्याच रात्री रेक्टरांना सांगा. घरी कळवणंच धोक्याचं वाटत असेल, तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे. फोन फुकट आहे आणि चोवीस तास चालतो. नंबर विंगच्या नोटीस बोर्डावर लिहून ठेवा.