उन्हाळ्यातले चढते पाणी

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील नद्यांचे पाणी डोक्यावरच्या आभाळाकडे पाहून ओळखता येत नाही, ही गोष्ट या भागात सहलीला येणाऱ्यांनी सर्वप्रथम लक्षात घ्यावी. राजमाचीच्या डोंगरभागात उगम पावणारी उल्हास, तिला मिळणारी पेज आणि खोपोलीकडून वाहत येणारी पाताळगंगा यांना दोन निरनिराळ्या वाटांनी पाणी येते. एक वाट अर्थातच पावसाची आहे. दुसरी वाट वीजनिर्मितीची असून, तीत घाटमाथ्यावरील धरणांचे पाणी पोलादी नळांतून पाचशे मीटरांहून अधिक खाली आणून त्यावर जनित्रे फिरवली जातात आणि काम झालेले पाणी पुढे नदीत सोडले जाते; या सोडलेल्या पाण्यास अवजल म्हणतात. खोपोलीचे केंद्र 1915 मध्ये व भिवपुरीचे 1922 मध्ये सुरू झाले. पहिल्यास लोणावळा, वलवण व शिरोता या तलावांचे, तर दुसऱ्यास ठोकळवाडी धरणाचे पाणी मिळते. कोकणातील बहुतेक ओढे मे महिन्यात कोरडे पडत असताना पेज नदी वाहती राहते ती या अवजलामुळे, आणि मुंबई-ठाण्याचे पर्यटक उन्हाळ्यात तिच्याकडे ओढले जातात तेही त्यामुळेच. मात्र जलविद्युत जनित्र काही मिनिटांत सुरू करता येते व विजेची मागणी वाढेल तसे ते चालवले जाते, म्हणून निरभ्र आकाशाखालीही या नदीची पातळी चढू शकते.

प्रस्तुत लेखकास हे ज्ञान ज्या दिवशी झाले, त्या दिवशी त्याच्यासोबत कुटुंबातील व शेजारातील अकरा माणसे होती आणि त्यांत चार मुले होती. सहलीच्या आयोजकास पाणी मध्येच वाढते काय, हे लेखकाने आदल्या दिवशी फोनवर व नंतर काठावर पोहोचल्यावर असे दोनदा विचारले होते, आणि दोन्ही वेळा मे महिन्यात पूर येत नसतो, असे उत्तर मिळाले होते. नंतर झालेल्या दोषारोपांत ही विचारणा सोयीस्करपणे विसरली गेली, म्हणून तिची येथे मुद्दाम नोंद केली आहे.

पाणी गुडघ्याएवढे होते. पलीकडच्या खडकावर कपडे धुणाऱ्या तीन बायकांपैकी एकीने मान वर करून प्रवाहाच्या वरच्या दिशेला पाहिले, अर्धेच पिळलेले कपडे टोपलीत भरले आणि इतर दोघींना हाक मारून ती काठ चढून गेली. त्या दोघीही काही न विचारता तिच्यामागे गेल्या. लेखकाने हे पाहिले, पण त्याचा अर्थ लावला नाही. त्यानंतर थोड्या वेळाने ज्या कातळावर मुलांच्या चपला ठेवल्या होत्या त्याची कोरडी कड ओली दिसू लागली, एक चप्पल तरंगत निघाली, पाण्यात वाळकी पाने व काटक्या येऊ लागल्या आणि आतापर्यंत खळखळ वाटणारा आवाज घुमल्यासारखा जड झाला. आपण उभे आहोत तेथे पाणी येत आहे, हे चपला वाहून जाताना नव्हे, तर त्या बायका का गेल्या हे आठवले तेव्हा कळले. तोवर पाणी मांड्यांपर्यंत चढले होते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे गुडघाभर पाण्यात सहज उभा असलेला मनुष्य मांडीभर पाण्यात पाऊल उचलताच कोलमडतो. चौदा वर्षांचा एक मुलगा असाच वाहून गेला आणि खालच्या अंगाला काठावरील करंजाच्या मुळांना अडकला. जवळच्या वाडीतील दोन तरुणांनी दोर टाकून त्यास बाहेर काढले. आयोजकाने आणलेली लाइफ जॅकेटे या साऱ्या काळात टेम्पोत कुलूपबंद होती. मुलास खरचटण्यापलीकडे इजा झाली नाही, या एकाच गोष्टीचा आधार घेऊन त्या गृहस्थाने पुढे सगळा प्रसंग किरकोळ ठरवला, गट ठरलेल्या हद्दीपलीकडे गेला होता असे सांगितले (हद्द दाखवणारी दोरी, निशाण वा माणूस तेथे नव्हता) आणि तक्रार न करण्याच्या बदल्यात पुढील सहलीत सवलत देऊ केली.

अशा नदीत उतरण्यापूर्वी ज्याची कमाई सहलीवर अवलंबून आहे त्यास न विचारता, जो रोज त्या पाण्यावर येतो त्यास विचारावे; कपडे धुणाऱ्या बायका, मासे धरणारे कातकरी, म्हशी पाण्यावर आणणारे गुराखी यांना अवजल केव्हा येते याचा अंदाज असतो, आणि ते उठून गेले तर कारण विचारत न बसता आपणही उठावे. पाण्यालगतच्या दगडावर कोळशाने रेघ ओढून दर दहा मिनिटांनी ती पाहावी. रेघ बुडाली, पाणी गढूळ झाले, पालापाचोळा वाहू लागला अथवा आवाज बदलला, यांपैकी एकही खूण दिसली तर सामान गोळा करण्यात वेळ न घालवता मुलांना आधी वर काढावे, आणि तेही ज्या काठाने परतीची वाट आहे त्याच काठाला, कारण पलीकडे अडकलेला गट परतण्याच्या घाईत पुन्हा पाण्यात उतरतो.

पावसाळ्यातील धोका अधिक परिचित असला तरी तोही पुरेसा समजलेला नाही. ढाक, राजमाची व माथेरानच्या कड्यांवर पडलेला पाऊस तीव्र उतारावरून फार लवकर खाली येतो, म्हणून पायथ्याशी ऊन असतानाही धबधब्यात लोंढा येऊ शकतो. हवामान खाते चोवीस तासांत 115.6 ते 204.4 मिलिमीटर पावसास अतिमुसळधार म्हणते. नारिंगी वा लाल इशारा असेल त्या दिवशी आषाणे, झेनिथ यांसारख्या धबधब्यांकडे फिरकू नये. 27 जुलै 2019 रोजी उल्हासच्या पुराने बदलापूर व वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडवली होती आणि सुमारे हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले होते.

तलाव व लहान धरणांचे पाणी स्थिर दिसते, पण तळाशी गाळ, बुडालेले जुने पात्र आणि भरावासाठी माती काढलेले खड्डे असतात, त्यामुळे दोन पावलांत कंबरभर पाण्याचे डोक्यावर पाणी होते. जून 2024 मध्ये खालापूर तालुक्यात वावर्ले येथील धरणात चार विद्यार्थी बुडाले. बुडणारा मनुष्य बहुधा ओरडत नाही, आणि त्यास वाचवण्यासाठी उडी टाकणाराही जातो. म्हणून दोर किंवा झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन फेकावा.

प्रशासन दरवर्षी धबधबे व धरणांवर मनाई आदेश काढते. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खाली निघे, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतो. हे आदेश पावसाळ्यापुरते असतात, अवजल मात्र मे महिन्यातही येते, आणि तेव्हा काठावर ना पोलीस असतो ना फलक. या परिस्थितीत माहिती देण्याची जबाबदारी सहल नेणाऱ्यावरच येते. त्या दिवशी पाणी सुटण्याची वेळ आयोजकास ठाऊक होती की नव्हती, एवढाच प्रश्न लेखकाने त्यास लेखी विचारला होता. उत्तरादाखल पुढील सहलीचे दरपत्रक आले.