अमेरिकेतील नोकरीवर परत जायचे आहे? आधी जुने कागद काढा

दुकानदार आणि कारागिरांच्या घरांतील कित्येक मुले संगणकाचे शिक्षण घेऊन अमेरिकेत नोकरीला गेली. त्यांपैकी काही जण परतही आले. कुणाला वडिलांच्या आजारपणामुळे यावे लागले, कुणाची नोकरी गेली, कुणी घरचा धंदा सांभाळायला आला. दोन-तीन वर्षांनी यांपैकी एखाद्याला जुनी किंवा नवी कंपनी पुन्हा बोलावते. मग घरात चर्चा सुरू होते आणि त्याच सुमारास एखादा एजंटही दारात येऊन उभा राहतो. त्याला रक्कम देण्याआधी कायदा काय सांगतो हे समजून घेणे आवश्यक आहे.

व्हिसा वेगळा, मंजुरी वेगळी

पासपोर्टवरील व्हिसा म्हणजे अमेरिकेच्या दारापर्यंत जाण्याचा परवाना. कामाची मंजुरी हा त्याहून वेगळा कागद असतो. कंपनीने केलेला अर्ज मान्य झाल्यावर आय-७९७ नावाची सूचना मिळते. आत गेल्यावर किती दिवस राहता येईल हे आय-९४ या नोंदीवरून ठरते. हे तिन्ही कागद जपून ठेवलेले असतील तर निम्मे काम झाले असे समजावे.

एच-१बी : शिल्लक मुदतीचा हिशेब

संगणक क्षेत्रातील बहुतेक मुले एच-१बी व्हिसावर जातात. त्याची मुदत प्रथम तीन वर्षे आणि एकूण सहा वर्षे असते. दरवर्षी ६५ हजार आणि अमेरिकेतील मास्टर्स पदवीधरांसाठी आणखी २० हजार अशी मर्यादा आहे. अर्जदार त्याहून अधिक असल्याने निवड करावी लागते.

मात्र ज्याची गणना एकदा या मर्यादेत झाली आहे, त्याला उरलेल्या मुदतीसाठी पुन्हा निवडीच्या रांगेत उभे राहावे लागत नाही. ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. समजा, एक तरुण ऑक्टोबर २०१८ पासून सप्टेंबर २०२२ पर्यंत तेथे होता. त्याची चार वर्षे खर्ची पडली, दोन शिल्लक राहिली. या चार वर्षांत तो एकूण ६० दिवस सुट्टीवर भारतात आला असेल, तर तेही दिवस परत मागता येतात, कारण देशाबाहेरचे दिवस सहा वर्षांत धरले जात नाहीत. पासपोर्टवरील शिक्के आणि विमानाची तिकिटे हा त्याचा पुरावा.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. विद्यापीठासारख्या मर्यादेबाहेरच्या संस्थेतच ज्याने काम केले, त्याची गणना झालेली नसते. खाजगी कंपनीत जायचे तर त्याला निवडीतून जावे लागते. तसेच पूर्ण एक वर्ष अमेरिकेबाहेर राहिलेल्याला नवी सहा वर्षे मागता येतात, परंतु त्यासाठीही नव्याने निवड व्हावी लागते. मंजुरी फार जुनी असेल तर सर्व तारखा आधी वकिलाला दाखवाव्यात.

ग्रीन कार्डासाठीचा आय-१४० अर्ज पूर्वी मंजूर झाला असेल तर तो कागद सोन्यासारखा जपावा. भारतीयांची रांग लांब असल्याने नंबर आलेला नसतो. अशा स्थितीत सहा वर्षांनंतरही तीन-तीन वर्षांची वाढ मिळू शकते.

एक लाख डॉलरचा प्रश्न

१९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी आदेश काढला. २१ सप्टेंबर २०२५ पासून, अमेरिकेबाहेर असलेल्या आणि हातात चालू एच-१बी व्हिसा नसलेल्या व्यक्तीसाठी नवा अर्ज करायचा तर मालकाने एक लाख डॉलर भरावेत, असे त्यात होते. रुपयांत ही रक्कम ८० लाखांच्या वर जाते. शिल्लक मुदतीवर परतणारेही यातून सुटत नाहीत. आदेश बारा महिन्यांसाठी होता आणि मुदत वाढवण्याची सोय त्यातच होती. म्हणून अर्जाच्या दिवशी त्याची स्थिती काय आहे, हे प्रथम तपासावे.

यावरून जुन्या पासपोर्टचे मोल कळते. त्यावरील एच-१बी व्हिसाची तारीख उलटलेली नसेल, तर कंपनी बदलली तरी नव्या कंपनीची मंजुरी आणि तो जुना व्हिसा घेऊन प्रवेश करता येतो.

दुसरे दोन मार्ग

पहिला एल-१. अमेरिकेतील कंपनीची पुणे, मुंबई किंवा बंगळूर येथे शाखा असेल, तर तेथे मागील तीन वर्षांत सलग एक वर्ष नोकरी केलेल्याला कंपनी तिकडे बदलीवर नेऊ शकते. व्यवस्थापकाला सात वर्षांपर्यंत, विशेष ज्ञान असलेल्या कर्मचाऱ्याला पाच वर्षांपर्यंत राहता येते. यात वार्षिक मर्यादा नाही, वरील एक लाख डॉलरही नाहीत. उणीव एवढीच की या व्हिसावर दुसऱ्या कंपनीत जाता येत नाही.

दुसरा ओ-१. तो असामान्य कर्तृत्व असणाऱ्यांसाठी आहे. पुरस्कार, प्रसिद्ध झालेले संशोधन, दुसऱ्यांच्या कामाचे परीक्षण, मोठा पगार अशा आठ कसोट्यांपैकी तीन तरी पुराव्यानिशी दाखवाव्या लागतात. नुसत्या चांगल्या नोकरीवर तो मिळत नाही.

मुलाखत आणि एजंट

सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीतून मिळणारी सूट बरीच आवळली गेली. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी अर्जदारांची समाजमाध्यमांवरील खातीही तपासली जाऊ लागली आणि अनेकांच्या मुलाखती पुढे ढकलल्या गेल्या. त्यामुळे व्हिसा हाती येण्यापूर्वी येथील नोकरी सोडू नये, गाळा विकू नये.

आता एजंटाविषयी. एच-१बी अर्जाचा खर्च हा कायद्याने मालकाच्या धंद्याचा खर्च मानला जातो. काम नसले तरी कर्मचाऱ्याला ठरलेला पगार देणे मालकावर बंधनकारक आहे. म्हणून ‘आधी दहा लाख द्या, तिकडे गेल्यावर काम शोधून देऊ’ असे कुणी म्हणाला, तर व्यवहार तेथेच थांबवावा. ‘भेटीच्या व्हिसावर जा आणि कामाला लागा’ हा सल्ला तर त्याहून घातक. त्या व्हिसावर नोकरी करणे बेकायदेशीर असून पुढचे दरवाजेही बंद होतात.

आपण माल घेताना बिल पाहतो, वजन तपासतो. मुलाच्या भवितव्याचा व्यवहार त्याहून मोठा आहे. जुने पासपोर्ट, आय-७९७, पगाराच्या पावत्या आणि प्रवासाच्या तारखा एका फाईलीत लावाव्यात, शिल्लक मुदत काढावी आणि मगच कंपनीच्या वकिलाशी बोलावे. कागद हातात असलेल्याला कुणी सहजासहजी फसवू शकत नाही, असा आमचा अनुभव आहे.