एआय एजंटला डेटाबेस समजावून सांगण्याचं काम

‘एआयमध्ये करिअर’च्या जाहिराती पाहून मुलाला कुठल्या क्लासला घालावं, असं पालक विचारतात. आधी एसक्यूएल ही डेटाबेसची भाषा शिकू द्या, हे माझं उत्तर त्यांना जुनाट वाटतं. १९७० च्या दशकातली भाषा, तिचं आता काय? पण एआय एजंटच्या, म्हणजे दिलेलं काम टूल्स वापरून स्वतः करणाऱ्या प्रोग्रामच्या, जगातलं एक छोटं, फारसं चर्चेत नसलेलं काम तिच्याशिवाय जमत नाही.

एजंट डेटाबेसमध्ये थेट हात घालत नाही. प्रोग्रामर त्याला टूल्स देतो. प्रत्येक टूलला नाव, काही ओळींचं वर्णन आणि कोणती माहिती भरायची याचा आराखडा असतो. एजंटमागचं एआय मॉडेल सहसा एवढंच वाचतं, आतला कोड त्याला दिसत नाही. अशी टूल्स जोडण्यासाठी ओपनएआयने जून २०२३ मध्ये ‘फंक्शन कॉलिंग’ आणलं, अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हे खुलं मानक जाहीर केलं. पद्धती बदलतील, वर्णन मात्र कुणीतरी लिहावंच लागेल. हेच ते छोटं काम.

समजा, एका दूध संस्थेचा डेटाबेस आहे. ‘दूध संकलन पाहा’ या टूलचं वर्णन कुणी लिहिलं, ‘दुधाची माहिती देते.’ एखाद्याने विचारलं, “माझे या महिन्याचे किती पैसे झाले?” एजंट हेच टूल उचलणार, लिटरला दराने गुणणार आणि बिनदिक्कत चुकीचा आकडा सांगणार.

आता हे वाचा: ‘एका सभासदाचं, दिलेल्या तारखांमधलं संकलन देते. सकाळ-संध्याकाळच्या पाळीची वेगळी नोंद: लिटर, फॅट, एसएनएफ, प्रतिलिटर दर रुपयांत. सभासद क्रमांक आवश्यक. फक्त नाव माहीत असेल तर आधी ‘सभासद शोधा’ वापरा. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. उचल आणि पशुखाद्याची कपात यात नाही, हातात पडणाऱ्या रकमेसाठी ‘बिल पाहा’ वापरा. नोंद नसेल तर रिकामी यादी येते. दूध घातलंच नाही असा त्याचा अर्थ घेऊ नये, त्या पाळीची नोंद राहूनही गेलेली असू शकते.’

यात अवघड इंग्रजी नाही, गणितही नाही. पण हे लिहायला दोन गोष्टी लागतात. टेबलं कशी जोडलेली आहेत हे माहीत हवं, आणि कपात कशी होते हे माहीत हवं. दुसरी गोष्ट ज्याच्या घरी गोठा आहे त्याला जास्त कळते! बँकेत, रुग्णालयात, जीएसटीच्या कामातही तेच. म्हणून बी.कॉम.च्या मुलीने एसक्यूएल शिकलं, तर ती या कामात संगणक पदवीधराच्या मागे राहील असं मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र मुलांनी पक्की समजून घ्यावी. वर्णनात ‘नोंदी पुसू नयेत’ असं लिहिलं की नोंदी सुरक्षित झाल्या, असं होत नाही. ती सूचना आहे, कुलूप नाही. एजंटला फक्त वाचण्याची परवानगी असलेलं खातं द्यायचं, हे डेटाबेसमध्येच ठरवावं लागतं. मुलाखतीत हा फरक सांगता आला, तर समोरच्याला कळतं की मुलाने काम केलेलं आहे.

पालकांनो, ‘टूल वर्णन लेखक’ अशा पदाच्या जाहिराती शोधू नका. हे काम बॅकएंड डेव्हलपर, डेटा अॅनालिस्ट किंवा टेक्निकल रायटर यांच्या रोजच्या कामात मिसळलेलं असतं. तेवढ्यासाठी लाखभर फी मागणाऱ्या क्लासपासून चार हात दूर राहा. एसक्यूलाइट आणि पायथन फुकट मिळतात, साधा लॅपटॉप पुरतो.

मुलांनी करून पाहायचं ते असं. गावातल्या वाचनालयाच्या पुस्तकांचा किंवा घरखर्चाचा छोटा डेटाबेस बनवा. त्यावर तीन-चार टूल्स लिहा. लोक खरोखर विचारतील असे वीसेक प्रश्न, अर्धवट आणि मोघमसुद्धा, उत्तरांसकट लिहून ठेवा. मग एजंटला ते विचारा आणि कुठे चुकीचं टूल उचललं, कुठे तारीख उलटी भरली ते टिपून ठेवा. आता कोडला हात न लावता फक्त वर्णन बदला, आणि तेच प्रश्न पुन्हा विचारा. आधीचं वर्णन, नंतरचं वर्णन आणि दोन्ही वेळच्या बरोबर उत्तरांची संख्या यांचा तक्ता गिटहबवर ठेवा. बायोडेटात प्रमाणपत्राच्या वर त्याची लिंक द्या.