पावलीची तिकिटं आणि पवनारचा नकार

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत एक जुनं कार्ड सापडलं. त्यावर ‘डिफेन्स सेव्हिंग्ज’ छापलेली थोडी तिकिटं चिकटवली आहेत, बाकीचे चौकोन रिकामे. ही कसली तिकिटं? गांधीजी सेवाग्रामला असताना आपल्या जिल्ह्यातले लोक इंग्रजांच्या युद्धाला पैसे देत होते का?
– एक वाचक, आर्वी

उत्तर : ही बचतीची तिकिटं, पत्रावर न चालणारी. 1940 साली सरकारनं पोस्टातून दहा वर्षांची संरक्षण बचत प्रमाणपत्रं विकायला काढली. दहा रुपये एकरकमी देणं ज्याला जमत नसे, त्यानं पावलीचं तिकीट घ्यायचं, कार्डावर डकवायचं आणि दहा रुपये भरले की कार्ड देऊन प्रमाणपत्र घ्यायचं. नुसत्या पावल्यांनी भरायचं तर चाळीस तिकिटं लागत. दहा वर्षांनी हाती यायचे 13 रुपये 9 आणे. तुमच्या आजोबांचं कार्ड काही तिथवर पोचलं नाही.

आता वर्ध्याचं. मध्य प्रांताचं काँग्रेस मंत्रिमंडळ 1939 च्या नोव्हेंबरात पायउतार झालं होतं, कारभार गव्हर्नरच्या हाती होता. अशा वेळी साहेबाच्या कचेरीतून ‘वर्गणी’चा शब्द आला की कारकुनाला, पाटलाला नाही म्हणणं सोपं नव्हतं. म्हणून घरात असं कार्ड निघालं तर आजोबांना इंग्रजधार्जिणे ठरवू नका.

पण उघड नकारही याच जिल्ह्यातून उठला. 17 ऑक्टोबर 1940 ला विनोबा भावे यांनी पवनारला वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. या युद्धाला माणसानं किंवा पैशानं मदत करणं चूक आहे, एवढंच ते गावोगाव सांगत होते. 21 तारखेला देवळीत त्यांना अटक झाली आणि तीन महिन्यांची शिक्षा.

सरकारचा पैशासाठी एवढा आग्रह का, ते समजून घेण्यासारखं आहे. ब्रिटन इथून माल उचलत होतं, त्याची किंमत लंडनमध्ये स्टर्लिंगच्या खात्यावर मांडली जाई आणि त्या आधारावर इथे नोटा छापल्या जात. युद्ध संपेपर्यंत चलनातल्या नोटा सुमारे सहापट झाल्या. माल मात्र कमीच, कारण कापड, धान्य सैन्याकडे वळलेलं. त्यात 1942 मध्ये ब्रह्मदेश पडला आणि तिकडचा तांदूळ व रॉकेल बंद झालं. युद्धासाठी पैसा उभा करण्याखेरीज बाजारात खेळणारा पैसा बचतीत ओढून घेणं हा तिकिटांचा दुसरा हेतू. तरी भाव आवरेनात, तेव्हा 2 मे 1943 पासून मुंबईत रेशनिंग आलं. त्याच वर्षी कापडावरही नियंत्रण आलं. वर्ध्याच्या मगनवाडीतले अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा या नोटांच्या पुराची चिकित्सा करत होते. तिथेच रॉकेलऐवजी वनस्पतिजन्य तेलावर जळणारा ‘मगनदीप’ कंदील तयार झाला होता. टंचाईला इतकं नेमकं उत्तर मला दुसरं दिसत नाही.

ज्यांची कार्डं भरली, त्यांचंही फारसं भलं झालं नाही. 1950 मध्ये 13 रुपये 9 आणे हाती आले, तोवर भाव तिपटीहून वर गेले होते. तिकिटं उचकटू नका. कार्ड जसं आहे तसं, सपाट कागदात ठेवा.